झाडावरचं ऑलिव्ह

ईस्टरच्या सुट्टीत न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावचे गुरुनाथ आणि त्याची बायको श्यामला शेजारच्या वायरारापा भागात सायकल टूरवर गेले. रमतगमत सायकल चालवायची, वाटेतल्या शेतावर उतरायचं, तिथलं काहीबाही चाखायचं आणि पुढे निघायचं. मध चाखून गुरुनाथ "छान" म्हणाला. चीज चाखूनही "छान" म्हणाला.

ऑलिव्हच्या बागेत मालकिणीने सगळ्यांना बजावलं, "झाडावरचं तोडून खाऊ नका. कच्चं ऑलिव्ह कडूजहर असतं."

गुरुनाथ सायकल लावून मागून आला. त्याने हे ऐकलंच नव्हतं. समोरच्या झाडाचं एक ऑलिव्ह तोडून त्याने सावकाश चावून खाल्लं आणि म्हणाला, "छान आहे."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. श्यामलाने त्याला बाजूला घेतलं.

"तुला चव लागत नाहीये?"

"डिसेंबरातल्या तापापासून नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आधी मी रोज तुझ्या भाजीत खोट काढायचो. तापानंतर काही कळेचना, म्हणून छान म्हणायला लागलो. तर तू स्वयंपाक करताना गुणगुणायला लागलीस. मग सांगवेना."

तेवढ्यात मालकीण पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. "अहो, थुंकून टाका ते! कोणाला खाववत नाही."

श्यामलाने त्याच झाडाचं एक ऑलिव्ह तोडलं आणि पूर्ण चावून गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छानच आहे," ती मालकिणीला म्हणाली.