कापलेले पान
किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांवरील चित्रपट आम्ही चौघे दरमहा माझ्या घरी पाहतो. नियम माझाच: जुन्या बाजारातून आणलेली कादंबरीची एकच प्रत सर्वांनी क्रमाने वाचायची आणि अर्धवट सोडणाऱ्याने चित्रपट संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसायचे. आज मेहुणा कबुली देऊन आत गेला. उरलेल्यांविषयी शंका होतीच, म्हणून चित्रपटापूर्वी मी प्रत तपासली. शेवटचे पान कापलेले आढळले. “हे कोणी केलं?” “तुझ्याकडून माझ्याकडे पुस्तक आलं तेव्हाच पान नव्हतं,” दंतवैद्य मित्र म्हणाला. “शेवट मी ग्रंथालयात वाचला.” “मीही,” शिक्षिका मैत्रीण म्हणाली. “वाटलं, या संशयात्म्याने आपली परीक्षा घ्यायला कापलं असेल. पण पहिला वाचक तूच ना? सांग बघू, शेवटी काय होतं?” पुरावा निर्विवाद होता. मी रिमोट खाली ठेवला. स्वयंपाकघरात मेहुण्याने स्टूल पुढे सरकवले. “भाऊजी, तुम्ही कितव्या पानावर सोडलंत?”