चेटल कोणाची

“चेटल हा शब्द रोमनांचाच,” येल्चेने कपात चहा ओतता ओतता खडा टाकून पाहिला. “ते येईपर्यंत आपले लोक मडक्यात पाणी तापवत होते.”

वृद्धाश्रमाच्या खिडकीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, हेस्सलने, गुलाबी आयसिंगच्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिला.

चेटल म्हणजे फ्रिश्यन भाषेत, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या त्यांच्या बोलीत, किटली. दोघांनी शब्दकोशाच्या कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर जन्म काढला होता, आणि या एका शब्दावरून लग्नाआधीपासून भांडण होतं. ती म्हणायची, लॅटिनमधून उसना घेतलाय. तो म्हणायचा, अस्सल आपल्या पूर्वजांचा, रोमनांचं तोंड बघण्याआधीचा. अलीकडे त्याला मुलींची नावं आठवत नव्हती. येल्चेला तो कधी नर्स समजायचा, कधी कुणी पाहुणी. पण चेटलचा विषय काढला, की “अगं येल्चे, पुन्हा तेच?” म्हणून तुटून पडायचा. तेवढ्यापुरती ती त्याची बायको असायची. त्यासाठीच ती या वाऱ्यात सायकल हाणत यायची.

आज केक संपवून तो म्हणाला, “असेल बुवा रोमनांचा.”

“असेल?”

“तुम्ही म्हणताय तर असेल.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच येल्चे जिंकली होती आणि तिला रडू येत होतं. तिने कप बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्याच बाजूने भांडायला लागली.

“असेल कसा? रोमनांचं कातिल्लुस म्हणजे इवलीशी वाटी. वाटीत कोणी पाणी उकळतं? आणि पार फिनलंडात हा शब्द गेलाय, तो आपल्याकडून. तिथे कुठला रोमन कडमडला होता?” सगळी वाक्यं त्याची होती, ‘कडमडला’सुद्धा. “चुलीवरच्या भांड्याला नाव परक्याकडून आणायला आपण काय भिकारी होतो?”

हेस्सल सरसावून बसला. त्याचे डोळे चमकले.

“बरोब्बर,” तो म्हणाला. मग दाराकडे नजर टाकून त्याने आवाज खाली आणला. “जरा थांबता का? आमची बायको येईलच आता भांडायला. तिला सांगा हे.”