सगळ्या बाह्या डाव्या

बँडच्या कोटांच्या सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. उजवी म्हणून एक नाही. कापड एकाच बाजूने चमकदार, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नव्हती.

मालकीणबाईंनी एक बाही स्वतःच्या उजव्या हातात चढवून पाहिली. ती खांद्यापाशी अशी पिळवटली, की ट्रंपेट वाजवायचा तर पाठीमागे धरूनच. इस्त्रीवाल्याला हसू फुटलं. बाईंनी वळून पाहताच त्याने ते गिळून टाकलं.

"कोणाचे उद्योग हे?"

शिवणखोलीतली मशिनं थांबली. कटिंग मास्तर नेहमीप्रमाणे पुढे आले. गळ्यात टेप, मिशीला खडू लागलेला.

"चूक माझी, बाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलंच होतं. मागे पँटींचे खिसे तोंडाशीच शिवले गेले, तेव्हा चूक मास्तरांची. कोणा नवरदेवाच्या कोटाला बटणांच्या बाजूलाही काजं पडली, तेव्हाही मास्तरांचीच. नव्याकोऱ्या शर्टावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला, तेव्हा तर ते म्हणाले होते, "मीच जरा टेकवून बघितली." बाईंची बोलणी आपण खायची आणि मग आत येऊन ज्याचं काम त्याच्याकडून गुपचूप दुरुस्त करून घ्यायचं, ही त्यांची रीत. बाकीचे तेवढा वेळ खाली मान घालून बसत. लाज सगळ्यांनाच वाटायची, पण नोकरीही सगळ्यांनाच हवी होती.

मागच्या खेपेला बाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, आणखी एक चूक झाली की कात्री ठेवायची आणि घरी जायचं.

"ठेवा कात्री," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली. तिच्याकडे कोणाला बघवेना.

"बाई, बाह्या मी कापल्या," इस्त्रीवाला अचानक बोलून गेला.

"तू? तुला कात्री धरता तरी येते का?"

"नाही ना! म्हणूनच तर असं झालं."

"त्याचं काय ऐकताय, मी कापल्या," काजं-बटणं करणाऱ्या मावशी उठल्या. "आणि त्या नवरदेवाची काजंही माझीच होती." मग खिसे शिवणारा बोलला. मग इस्त्रीचा ठसाही कबूल झाला. बघता बघता जुन्या सगळ्या चुका आपापल्या घरी परतल्या.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्यालाच बोलत होते?" सगळ्यांना काढावं, तर कोट शिवणार कोण? शेवटी त्यांनी कात्री उचलून मास्तरांच्या हातात दिली. "पुन्हा दुसऱ्याचं अंगावर घेतलंत तर याद राखा! नवं कापड मागवते."

"अहो बाई, पण या वेळी खरंच मी..."

"पुरे झालं तुमचं!" बाई तरातरा निघून गेल्या.

मास्तर डोळे पुसत मागे वळले. "अरे, शपथेवर सांगतो, मीच कापल्या रे. तुमची शिवण तपासायच्या नादात साचा पालटायचाच राहिला."

"माहीत आहे की," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुमची स्वतःची अशी एकच चूक झाली, मास्तर. ती तरी आम्हाला घेऊ द्या."