समईचं तेल

पान्यावर उभा राहून मी नाचलो, तरी पंक्चर झालेल्या चाकाचा शेवटचा नट हलेना. गुहागरच्या खाऱ्या हवेत तो गंजून जाम झाला होता. मुहूर्त जवळ आलेला, आणि नवरी, माझी भाची, माझ्याच गाडीत.

"मामा, उतरा खाली. बोल्ट तुटेल!"

भाची नऊवारी सावरत उतरली. गॅरेजात रमणाऱ्या या पोरीला मी कायम टोकायचो. तिनं समईसाठी घेतलेलं तेल नटावर सोडलं, दगडानं हलकेच ठोकलं, जरा थांबली. मग पाना उलटा ओढला.

"अगं, सोडवायचाय! आवळतेस काय?"

"आधी जरासा आवळायचा मामा, गंज सुटतो."

ती थोडा आवळत होती, थोडा सोडत होती. तिला घाईच नव्हती. सारखा घड्याळ बघत होतो तो मीच. अखेर नट करकरला आणि निमूट फिरला.

मंडपात रिवाजाप्रमाणे मी तिच्या पाठीशी उभा राहिलो. वरमाईची नजर मेंदीवर गेली.

"हाताला हे काळं काय?"

भाची हात लपवू लागली. मीच तो पुढे केला.

"तीट आहे, विहीणबाई. नाहीतर आज माझीच दृष्ट लागली असती तिला."