दारातली म्हातारी

लीड्सच्या एका लायब्ररीत मी जुनी फ्रेंच व्यंगचित्रं स्कॅन करते. त्या दिवशी एकोणिसाव्या शतकातल्या मासिकाचं एक पान समोर होतं. मेजाभोवती पाच गलेलठ्ठ बिशप जेवत होते आणि दारात एक हाडकुळी म्हातारी रिकामा वाडगा घेऊन उभी होती.

डेस्कवर खायला मनाई आहे, तरी मी डबा उघडला. पण तिच्यासमोर घास घशाखाली उतरेना. आपल्याकडे कुणाला उपाशी उभं ठेवून जेवत नाहीत.

"या आजी, जेवायला," मी सवयीने म्हटलं.

शेजारच्या डेस्कवरचा परीक्षित हसला. "कस्तुरी, चित्राला कसला आग्रह करतेस? ब्रेक घे जरा." तो कॉफी आणायला गेला.

मी मागे वळून बॅगेतली पाण्याची बाटली काढली. परत बघते तर डब्यातल्या दोन्ही पोळ्या नव्हत्या.

खरं सांगते, भीती नाही वाटली, बरंच वाटलं. जेवली बिचारी, असं म्हणत मी चित्राकडे पाहिलं.

म्हातारी दारातच होती. वाडगा तसाच रिकामा. मेजाभोवती बिशप मात्र चारच होते.

आणि म्हातारी आता माझ्या खांद्यामागे बघत होती.