पहिल्या बर्फाआधी

"पाडून नव्यानं बांधायचं तर तीन लाख डॉलर," कंत्राटदार म्हणाला आणि बुटाचा चिखल पायरीवर घासू लागला. "पाया दोन मीटर खाली न्यावा लागेल. विनिपेगची थंडी जमीनसुद्धा उचलते."

स्टेफाकडे याच्या निम्मेही नव्हते. विमावाल्यांनी हात वर केले होते. जानेवारीत ती दहा दिवस बहिणीकडे सास्काटूनला गेली, आणि एका रात्री स्वयंपाकघरातला पाइप गोठून फुटला. तळघरातली घर तापवायची भट्टी बुडाली, भिंती गोठल्या, पाया तडकला. कडाक्याच्या थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून नळाची बारीक धार चालू ठेवा, असं नगरपालिकेनं पत्र पाठवून बजावलं होतं. विम्याच्या माणसाला मात्र नळ बंद सापडला. इतका घट्ट, की पाना लावावा लागला.

"मी चालू ठेवून गेले होते," स्टेफा म्हणाली.

"तुला तसं वाटतं, आई," मुलगी लारिसा म्हणाली. "गेल्या वर्षी तुझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. जागा विकून टाकू. कॅलगरीला माझ्याजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे."

स्टेफानं संधिवातानं वाकडी झालेली बोटं मांडीवर दाबून धरली. एक्केचाळीस वर्षं ती या गल्लीत राहिली होती. तिला इथंच मरायचं होतं.

शेजारचा नेस्टर टोपी हातात घेऊन मागे उभा होता. निवृत्त सुतार, विधुर, वाकडा खिळाही ठोकून सरळ करून वापरणारा माणूस. ती गावाला गेली की कुंड्यांना पाणी घालायला तोच यायचा. फुटलेलं घर बघून फोनही त्यानंच केला होता.

"मजुरी माझी," तो म्हणाला. "लाकूड-सिमेंट तेवढं तुझं."

"नेस्टरकाका, वय काय तुमचं?"

"हातोड्याला वय विचारत नाहीत, पोरी."

लारिसानं सुस्कारा सोडला. "पहिला बर्फ पडायच्या आत आई राहायला गेली तर ठीक. नाहीतर मी तिला घेऊन जाणार."

मे महिन्यापासून नेस्टर राबला. चर्चमधली चार माणसं रविवारी हात लावायची, बाकी दिवस तो एकटाच. समोरचा बोहदान कुंपणावर रेलून चिडवायचा, "घर बांधतोयस की घरजावई व्हायचंय?" नेस्टरचे कान लाल व्हायचे. म्हातारा पाघळला, असं सगळी गल्ली म्हणायची.

भट्टीला पैसे कमी पडले तेव्हा त्यानं नाव विकली. बायकोबरोबर तीस वर्षं त्याच नावेतून त्यानं मासेमारी केली होती. "पडूनच होती," तो स्टेफाला म्हणाला.

स्टेफा दुपारी वारेनिकी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन यायची आणि ओंडक्यावर बसायची.

"माझंच डोकं गेलं रे," ती एकदा म्हणाली. "हातानं नळ बंद केला असणार, आणि आठवतही नाही."

हातोडा नेस्टरच्या अंगठ्यावर बसला. "असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

तो अंगठा चोखत राहिला.

ऑक्टोबरात नळ बसला. नेस्टरनं पाणी सोडून दाखवलं आणि बंद केलं. स्टेफा कप विसळायला गेली. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, पण नळ हलला नाही.

"उघडून दे रे."

त्यानं दिला. तिनं कप धुतले, जरा जास्तच वेळ.

ती राहायला गेली आणि तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. लारिसा नव्या घराच्या रीतीप्रमाणे पाव आणि मीठ घेऊन आली, नव्या भिंतींवरून हात फिरवून रडली. निघताना मात्र म्हणाली, "गावाला जाशील तेव्हा मला फोन कर. नळाची आठवण मी करून देईन." स्टेफानं निमूट मान हलवली. नेस्टर खिडकीबाहेर बघत होता.

जानेवारीत बहिणीचं बोलावणं आलं. बॅग दाराशी ठेवून स्टेफानं नव्या घराची चावी नेस्टरच्या तळहातावर ठेवली.

"कुंड्यांना दोनदा पाणी घाल."

"घालतो."

तिनं आपल्या वाकड्या बोटांनी त्याची मूठ मिटवली.

"आणि नेस्टर, या खेपेला नळ बंद करू नकोस."