तिसरा टक

उद्या आमच्या आयर्लंडमधल्या एनिस गावच्या घरमालकाला, डोनलला, त्याच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीतून लेकीला लग्नाला न्यायचंय. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा नवा टॉर्क कन्व्हर्टर बसवायचं मी कबूल करून बसलो. शिक्षण यूट्यूबवर. कन्व्हर्टर फिरवत गिअरबॉक्समध्ये दाबायचा, तीनदा टक वाजलं की बसला. दोनावरच बोल्ट आवळले तर गिअरबॉक्स गेला. रूममेट मुकुल फार्मा कंपनीत क्वालिटीला, म्हणून तो कागदावर टक मोजत होता.

दोन झाले. तिसरा येईना. मी वाकून सगळा जीव लावला.

टक!

“तीन!” मुकुलने सही ठोकली, तारीखही टाकली. “झालं भावा! ऊठ, बोल्ट आवळ.”

“उठता येत नाहीये. मुकुल्या, खोड ते. तिसरा माझ्या कमरेचा होता.”